फोटो आणि मजकूर एकत्र कसे बसवायचे: छोट्या व्यवसायासाठी पायरी-पायरीने

मी हाताने शिवलेल्या वह्या बनवते आणि विकते. सुरुवातीच्या दिवसांत एका चांगल्या फोटोग्राफरकडून दिवसभराचं शूट करून घेतलं. दीडशेच्या वर फोटो मिळाले. वह्यांची चळत, चळतीवर पेन, पेनाशेजारी वाळलेली फुलं. फोटो खरोखर देखणे होते. मग वेबसाइटचा मजकूर लिहायला बसले. ‘ही वही उघडली की टेबलावर सपाट राहते’ एवढं पहिलं वाक्य लिहिलं आणि त्याच्याशेजारी लावायला फोटो शोधू लागले. दीडशे फोटोंत एकही वही उघडलेली नव्हती.

यात फोटोग्राफरची चूक नव्हती. मी काय लिहिणार आहे हे त्याला सांगितलंच नव्हतं, कारण तोवर मी ते ठरवलेलंच नव्हतं. नव्याने व्यवसाय सुरू करणारे बहुतेक जण याच क्रमाने जातात: आधी फोटो, मग ‘आता याखाली काहीतरी लिहू’. त्या ‘काहीतरी’मध्ये पैसे आणि मेहनत दोन्ही वाया जातात. फोटो आणि शब्द एकाच बैठकीत, एकाच कागदावर ठरवायचे, हे मला उशिरा कळलं. तुम्हाला ते आधीच कळावं म्हणून हा लेख.

जाहिरात क्षेत्रातही हे एकदम सुचलेलं नाही. पूर्वी एजन्सीत लेखक मजकूर लिहायचा आणि तो कागद चित्रकारांच्या खोलीत पाठवून द्यायचा. १९४९ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या डॉइल डेन बर्नबाक या एजन्सीत बिल बर्नबाक यांनी दोघांना एकत्र बसवून काम करायला लावलं. १९५९ सालची फोक्सवॅगनच्या छोट्या गाडीची ‘थिंक स्मॉल’ (विचार छोटा करा) ही जाहिरात त्याच पद्धतीतून आली. मांडणी हेल्मट क्रोन यांची, मजकूर ज्युलियन केनिग यांचा. जवळजवळ सगळं पान कोरं, वर एका बाजूला इवलीशी गाडी, खाली ते दोन शब्द. गाडी झाकली तर शब्दांचा अर्थ लागत नाही. शब्द झाकले तर एवढं पान रिकामं का सोडलंय ते कळत नाही. छोट्या व्यवसायात लेखक आणि चित्रकार बहुतेकदा एकच माणूस असतो, म्हणजे एकत्र बसवण्याचा प्रश्न सुटलेलाच आहे. फक्त खरोखर बसायला हवं.

सुरुवातीला एवढं जवळ ठेवा:

- बरा कॅमेरा असलेला फोन आणि साधा ट्रायपॉड
- पांढऱ्या जाड पुठ्ठ्याचे दोन मोठे तुकडे (सावली उजळण्यासाठी)
- मोठी खिडकी असलेली खोली
- ग्राहकांचे जुने मेसेज, अभिप्राय, तक्रारी
- फोटोत दिसणाऱ्या माणसांचं लेखी संमतिपत्र
- फोटोग्राफर लावणार असाल तर फोटो वापरण्याच्या हक्काचा लेखी करार
- एक कोरा कागद, ज्याला मी ‘जोडपत्रक’ म्हणते. त्याबद्दल तिसऱ्या पायरीत.

१. तुम्ही काय विकता ते एका वाक्यात लिहा

‘दर्जेदार, सुंदर, हस्तनिर्मित वह्या’ हे वाक्य कुणाच्याही पाटीवर चालेल, म्हणून ते तुमच्या कामाचं नाही. वाक्यात माणूस हवा, त्याची सवय हवी आणि त्याची अडचण हवी. माझं वाक्य असं झालं: ‘रोज शाईपेनाने लिहिणाऱ्यांसाठी, टेबलावर सपाट उघडी राहणारी वही.’

आता यातून फोटो आपोआप बाहेर पडतात. शाईपेन, टेबल, उघडी वही, लिहिणारा हात. वाळलेल्या फुलांना यात जागा नाही. तुमच्या वाक्यातून एकही फोटो सुचत नसेल तर ते अजून हवेत आहे असं समजा आणि पुन्हा लिहा.

त्याच कागदावर तुमचा सूर तीन शब्दांत नोंदवा. माझे शब्द ‘शांत, नेमका, आपुलकीचा’ असे आहेत. हे तीन शब्द फोटोलाही लागू आणि मजकुरालाही. मंद उजेडातला निवांत फोटो आणि खाली ‘त्वरा करा!!!’ अशी जोडी खूप दिसते. वाचणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण तो पुढे सरकतो.

२. ग्राहकाचे शब्द उतरवून घ्या

आलेले मेसेज उघडा आणि प्रश्न जसेच्या तसे लिहून काढा. व्याकरणही सुधारू नका. माझ्या यादीत होतं: ‘शाई मागे उतरते का?’, ‘पहिलं पान दाबून धरावं लागतं का?’, ‘बॅगेत मावेल का?’, ‘पानं सुटून येतात का?’

या कामातून मला एक शब्द सोडून द्यावा लागला. बांधणीच्या कामात आम्ही कागदांच्या एका घडीला जुज म्हणतो आणि ती दोऱ्याने शिवण्याला जुजबंदी. माझ्या जुन्या मजकुरात ‘पक्की जुजबंदी’ असं अभिमानाने लिहिलेलं होतं. तो शब्द मला फार आवडतो. पण एकाही ग्राहकाने तो कधी वापरला नाही. ते विचारत होते, पानं सुटतात का. म्हणून आता मथळ्यात ‘पानं सुटत नाहीत’ आणि जुजबंदी खाली, सुईदोऱ्याच्या फोटोशेजारी, जिथे शब्द माहीत नसला तरी चित्रातून कळतो. तुमच्या धंद्यातही असे लाडके शब्द असतील. टाकून देऊ नका, त्यांना फोटोचा आधार द्या.

३. जोडपत्रक करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कागदावर चार रकाने आखा: कुठे वापरायचं, फोटोत काय दिसेल, शब्द काय सांगतील, वाचकाने पुढे काय करायचं.

नियम एकच. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात तीच गोष्ट आली तर एका ठिकाणची खोडा. निळ्या वहीच्या फोटोखाली ‘सुंदर निळी वही’ लिहिणं म्हणजे वाचकाचा वेळ घेऊन त्याला काहीच न देणं.

कॅमेऱ्याला जमतं ते त्याच्यावर सोपवा: रंग, पोत, आकाराचा अंदाज, वस्तू हातात कशी धरतात, वापरणाऱ्याचा चेहरा. कॅमेऱ्याला जमत नाही ते शब्दांनी करायचं: वजन, वास, आवाज, किती टिकते, कशामुळे टिकते, किती दिवसांत मिळते, खराब निघाली तर काय. आणि ही वस्तू कुणासाठी नाही हेसुद्धा. मी स्पष्ट लिहिते की जलरंगासाठी हा कागद नाही. त्यामुळे काही विक्री जाते, पण परत येणाऱ्या वह्या कमी होतात.

माझ्या पत्रकातल्या दोन ओळी दाखवते.

पहिली. जागा: वेबसाइटवर वस्तूच्या पानावरचा पहिला फोटो. दिसेल: पहिलंच पान उघडलेलं, वहीवर दुसरा हात नाही, पेन शिवणीच्या अगदी जवळ लिहितंय. शब्द: ‘दाबून धरावी लागत नाही. पानं नुसती गोंदाने चिकटवलेली नाहीत, दोऱ्याने शिवलेली आहेत.’ पुढे काय: आतली पानं पाहा.

दुसरी. जागा: ‘आमच्याबद्दल’. दिसेल: घडीच्या मधोमध घुसलेली सुई, मेण लावलेला दोरा ताणलेला, बोटाच्या टोकावर सुईचे जुने व्रण. शब्द: ‘चार कागदांची एक घडी, अशा आठ घड्या. म्हणून या वहीत १२८ पृष्ठं असतात, १०० किंवा १५० नाहीत.’ पुढे काय: वही निवडा.

दुसरी ओळ बघा. फोटोत कष्ट दिसतात, म्हणून शब्दांत ‘अतिशय मेहनतीने’ म्हणायची गरज उरत नाही. शब्द मोकळे होतात आणि फोटोत कधीच दिसणार नाही असा हिशोब सांगतात.

नुसते शोभेचे फोटो लावण्याचा मोह होईल, विशेषतः फुकट मिळणारे तयार फोटो. वेबसाइट लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणारे जेकब निल्सन यांनी २०१० मध्ये वाचकांची नजर पडद्यावर कुठे फिरते याचं निरीक्षण मांडलं होतं. ज्या फोटोंतून खरी माहिती मिळते तिथे नजर थांबते. पान सजवायला टाकलेले हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो लोक सरळ ओलांडून जातात. सेवा देत असाल तर हे आणखी महत्त्वाचं. हस्तांदोलनाचा विकतचा फोटो लावण्यापेक्षा तुमचं खरं टेबल, खरी अवजारं आणि काम चालू असतानाचा तुमचा हात दाखवा.

४. शूट करा, पण पत्रक हातात धरून

उजेड खिडकीतून, बाजूने येऊ द्या. समोरून पडणाऱ्या उजेडात कापडाचा, कागदाचा, लाकडाचा पोत सपाट होतो. दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा, सावली मऊ होते. खोलीतले दिवे बंद करा. उजेडाची पिवळी-निळी छटा केल्विनमध्ये मोजतात. घरातले पिवळे दिवे साधारण २७०० ते ३००० केल्विनचे असतात आणि दिवसाचा उजेड ५५०० केल्विनच्या आसपास. दोन्ही एकत्र आले की अर्धी वस्तू पिवळी आणि अर्धी निळसर दिसते. नंतर संपादनात ते धड निस्तरता येत नाही.

रंगाबद्दल जरा जास्त बोलते, कारण इथे फोटो आणि शब्द एकमेकांना खोटं पाडतात. माझ्या मजकुरात ‘पिवळसर कागद’ असं स्वच्छ लिहिलं होतं. फोनने आपणहून रंगसंतुलन (व्हाइट बॅलन्स) केलं आणि फोटोत कागद शुभ्र आला. मी तो तसाच लावला. वही हातात पडल्यावर एका ग्राहकाने तिचा फोटो काढून विचारलं, हा कागद जुना आहे का? मजकूर तिने वाचला होता, पण विश्वास फोटोवर ठेवला होता. दोघांत तफावत असेल तर लोक डोळ्यांचंच ऐकतात. उपाय सोपा आहे. प्रत्येक मांडणीचा पहिला फोटो पांढरा किंवा राखाडी कागद शेजारी ठेवून काढा, फोनमध्ये रंगसंतुलन कायम करण्याची सोय असेल तर ते कायम करा आणि शेवटी खरी वस्तू पडद्याशेजारी धरून बघा.

प्रत्येक दृश्य तीन प्रकारे काढा: आडवं, उभं आणि एका बाजूला भरपूर मोकळी जागा सोडून. या तिसऱ्याची आठवण शूटच्या दिवशी कुणालाच राहत नाही. मग मथळा ठेवायची वेळ येते आणि तो वस्तूच्या तोंडावर बसतो. मोकळी जागा एकसारख्या रंगाची हवी, नक्षीदार कापडावर अक्षरं वाचता येत नाहीत.

आकार समजायला फोटोत हात किंवा रोजची एखादी वस्तू ठेवा आणि मजकुरात माप लिहा. ‘ए-५, १४८ × २१० मिलिमीटर’ वाचून फार थोड्यांच्या डोळ्यांपुढे काही उभं राहतं. हातात धरलेली वही बघून सगळ्यांच्या राहतं. मात्र बॅगेत मावेल का हे मोजून बघणाऱ्याला मापच लागतं.

फोटोग्राफर लावत असाल तर जोडपत्रक त्याला आठवडाभर आधी पाठवा आणि कुठले फोटो मिळालेच पाहिजेत त्यावर खूण करा. बऱ्याच देशांत, करारात वेगळं काही नसेल तर, बाहेरून काम करणाऱ्या फोटोग्राफरकडेच फोटोंचा मालकी हक्क राहतो. म्हणून फोटो कुठे, किती काळ वापरता येतील, जाहिरातीत चालतील का, कापता येतील का, त्यावर अक्षरं टाकता येतील का, हे सगळं आधी लिहून घ्या. दिवस संपल्यावर हा विषय काढला की दोघांनाही अवघड जातं.

कृत्रिम बुद्धिमत्तेने फोटो बनवायचा विचार असेल तर तुमच्या वस्तूच्या बाबतीत तो सोडा, असं माझं ठाम मत आहे. त्या फोटोतली शिवण तुम्ही घातलेली नसते. ग्राहकाच्या हातात मात्र तुमचीच शिवण जाते.

५. फोटो समोर ठेवून मजकूर पुन्हा लिहा

पत्रकातले शब्द हा कच्चा खर्डा असतो. आता निवडलेला फोटो पडद्यावर मोठा उघडा आणि प्रत्येक वाक्याला विचारा: हे इथे दिसतंय का? दिसत असेल तर वाक्य काढा.

माझा आधीचा मजकूर: ‘आमची ही खास वही उत्तम दर्जाच्या कागदापासून प्रेमाने बनवलेली असून तिचं आकर्षक कापडी मुखपृष्ठ तुमच्या लेखनाला नवी उंची देईल.’

फोटोत कापड दिसत होतं, ते काढलं. ‘खास’, ‘उत्तम’, ‘आकर्षक’ यांतलं काही तपासून बघता येत नाही, तेही काढलं. ‘नवी उंची’चं वचन मी देऊच शकत नाही. उरलं ते एवढं: ‘१०० जीएसएमचा कागद. शाईपेनाने लिहिलं तरी मागच्या पानावर उतरत नाही. आम्ही प्रत्येक नवा गठ्ठा आला की आधी लिहून बघतो.’ (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन.) आणि शेजारी त्याच पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो, जरा तिरक्या उजेडात.

लांबी जवळपास तेवढीच राहिली, पण आता दोघं मिळून एकच गोष्ट सिद्ध करतात. सिद्ध करणारा फोटो आणि कारण सांगणारा मजकूर, ही मला सगळ्यात भरवशाची जोडी वाटते.

जागेकडेही लक्ष द्या. ज्या भागाबद्दल वाक्य आहे ते त्या फोटोला चिकटूनच असू दे. पाच फोटो वर आणि पाच परिच्छेद खाली असं केलं की वाचकाला वरखाली करावं लागतं, आणि तो करत नाही. फोटोतला माणूस किंवा पेनाचं टोक ज्या दिशेला वळलेलं असेल त्या बाजूला मजकूर ठेवा. उलट ठेवलं तर नजर पानाबाहेर जाते.

६. जागेप्रमाणे जोडी बदला

एकच जोडी सगळीकडे चिकटवू नका.

वेबसाइटचा वरचा भाग: एक फोटो, एक वाक्य, एक बटण. पहिल्या पायरीतलं वाक्य इथेच वापरायचं.

वस्तूचं पान: फोटोंचा क्रम म्हणजे ग्राहकाच्या प्रश्नांचा क्रम. प्रत्येक फोटोखाली एक ओळ.

इन्स्टाग्राम: उभा फोटो, १०८० × १३५० पिक्सेल. कॅप्शनला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे, पण ‘आणखी’ न दाबता साधारण पहिली १२५ दिसतात. मुद्दा तिथेच संपला पाहिजे. पहिली ओळ ‘नमस्कार मित्रांनो’मध्ये घालवू नका. २०२५ पासून प्रोफाइलवरची चित्रं चौरसाऐवजी उभी दिसतात, तेव्हा जुने फोटो कुठे कापले गेलेत ते एकदा बघून घ्या.

व्हॉट्सअॅप: पाठवताना फोटोची फाइल लहान केली जाते आणि त्यावरची बारीक अक्षरं फुटतात. एचडीचा पर्याय निवडा आणि माहिती फोटोवर न लिहिता मेसेजमध्ये लिहा. पण फोटो पुढे पाठवला जातो आणि मेसेज मागे राहतो, म्हणून कोपऱ्यात व्यवसायाचं नाव मोठ्या, साध्या अक्षरांत हवंच.

छापील पत्रक: ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, लागतात. ए-५ साठी १७४८ × २४८० पिक्सेल. इन्स्टाग्रामवरून उतरवलेला फोटो छापायला देऊ नका.

फोटोवर अक्षरं टाकायचीच असतील तर मागचा रंग आणि अक्षरं यांच्या उजळपणात किमान ४.५:१ फरक (कॉन्ट्रास्ट) ठेवा, मोठ्या मथळ्याला ३:१ चालतं. हा फरक मोजून देणारी फुकट साधनं इंटरनेटवर आहेत. जाहिरातीच्या फोटोवर अक्षरांनी २० टक्क्यांपेक्षा जास्त जागा घेतली तर फेसबुक ती कमी लोकांना दाखवत असे. हा नियम २०२० मध्ये गेला. मी मात्र तेवढीच मर्यादा पाळते, कारण फोनच्या पडद्यावर त्याहून जास्त अक्षरं गर्दीच करतात.

७. फाइल नीट करा

थोडक्यात सांगते. कॅमेऱ्यातली फाइल जशीच्या तशी वेबसाइटवर चढवू नका. रुंदी कमी करा, फाइलचा प्रकार वेबपी किंवा जेपेग ठेवा, वजन काहीशे केबीत आणा. पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा असं गूगल सुचवतं. फोटो उमटायच्या आधीच वाचक निघून गेला तर जोडीचा काही उपयोग नाही.

पर्यायी मजकूर म्हणजे ऑल्ट टेक्स्ट भरायला विसरू नका. ज्यांना दिसत नाही त्यांना पडदावाचक (स्क्रीन रीडर) हे सॉफ्टवेअर तो वाचून दाखवतं. तिथे ‘वही फोटो १’ असं न लिहिता ‘पहिल्या पानावर सपाट उघडी वही, शिवणीजवळ शाईपेनाने लिहिणारा हात’ असं लिहा. एरवी फोटोत दिसतं ते शब्दांत सांगायचं नाही म्हटलं, पण इथे नेमकं तेच सांगायचं. आणि फोन नंबर, पत्ता, तारीख फक्त चित्रात ठेवू नका. तिथून कॉपीही करता येत नाही.

८. झाकून तपासा

दोन माणसं शोधा, तुमच्या धंद्याशी संबंध नसलेली. एकाला फक्त फोटो पाच सेकंद दाखवा, दुसऱ्याला फक्त मजकूर वाचायला द्या. दोघांना विचारा: इथे काय मिळतं आणि कुणासाठी? उत्तरं वेगवेगळी असली तर बिघडत नाही, एकमेकांच्या विरोधात असली तर बिघडलंय. मग दोघांना पूर्ण जोडी दाखवा. ‘अच्छा, म्हणून!’ असं काही निघालं तर जोडी बसली. दोघंही गप्प राहिले तर बहुतेक वेळा फोटो आणि शब्द एकच गोष्ट दोनदा सांगत असतात. तिसऱ्या पायरीकडे परत जा.

‘छान आहे’ या उत्तरावर थांबू नका. काय समजलं तेच विचारा.

९. पत्रकाला तारखेचा रकाना जोडा

वस्तू बदलते, जोडी मागे राहते. मी कापड बदललं तेव्हा मजकूर लगेच सुधारला आणि फोटो तीन महिने जुनाच होता. आता पत्रकात पाचवा रकाना आहे: शेवटचं कधी तपासलं. कागदाचा नवा गठ्ठा, नवा रंग, डिलिव्हरीचे बदललेले दिवस, असं काहीही झालं की त्या ओळीसमोर ‘फोटो’, ‘मजकूर’ किंवा ‘दोन्ही’ असं पेन्सिलीने लिहिते. त्या ओळीतलं दोन्ही जुळेपर्यंत ती वही वेबसाइटवर ‘सध्या उपलब्ध नाही’ अशीच राहते.